सकाळी सहाची बाटली

१

सोमवारी सकाळी सांता इरिया गावचं हिरवं तळं मेलेलं सापडलं.

तळं कसं मरेल, असं बाहेरचा कुणी विचारेल. मरतं हो, चांगलं मरतं. अख्ख्या गावाच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी त्या लांबट तळ्यात येतं. एक मोठं चाक ते रात्रंदिवस हळूहळू ढवळत असतं. पाण्यातलं शेवाळ उन्हावर हवा तयार करतं आणि त्या हवेवर जगणारे जंतू घाण खाऊन टाकतात. तळं जिवंत असलं की वाटलेल्या कोथिंबिरीसारखं हिरवंगार दिसतं. सोमवारी ते चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं, आणि वास असा की हायवेवरच्या गाड्यांनी काचा वर केल्या. दुपारपर्यंत खालच्या ओढ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले आणि संध्याकाळपर्यंत गावाला गुन्हेगारही मिळाला. ओफेलिया आरेओला. तळ्याची देखभाल करणारी बाई.

मंगळवारी ती एदलीन सिल्वेराच्या दारात उभी राहिली. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही, हातात सरकारी पत्र. एदलीन चौऱ्याहत्तर वर्षांची. गावाचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या याच केंद्राची प्रयोगशाळा तिने एकतीस वर्षं चालवली होती. निवृत्त झाली तरी खोऱ्यातले सगळे पाणीवाले तिला ‘बाई’ म्हणत आणि तिच्या तोंडाला घाबरत.

पत्र वाचता वाचता बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्रात म्हटलं होतं की दोन आठवडे तळ्यात पाणपिसवा माजल्या होत्या. पाणपिसवा म्हणजे मोहरीएवढे, टुणटुण उड्या मारणारे जीव. त्यांनी सगळं शेवाळ खाऊन टाकलं. ओफेलियाने रोजचं पाणी तपासलंच नाही, वहीत मनाची चित्रं काढून ठेवली. शुक्रवारी दहा वाजता सुनावणी. आरोप खरा ठरला तर परवाना कायमचा रद्द.

हे चित्रांचं समजून घ्यायला हवं. सांता इरियाची एक जुनी रीत होती, बाईंनीच घालून दिलेली. सकाळची कॉफी घशाखाली जायच्या आधी तळ्यातलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं आणि दिसेल ते वहीत पेन्सिलीने काढायचं. आकडे लिहायला यंत्रं आली, पण ही रीत ओफेलियाने एकोणीस वर्षं मोडली नव्हती. तिच्या वह्यांनी अख्खं कपाट भरलं होतं.

“बाई, मी खोटं काढलंय का हो?” ओफेलियाने विचारलं.

“मला विचारतेस? काढलंस तू की मी?”

“शुक्रवारी सगळं नीट होतं. पण शनिवार-रविवार मी नव्हते. भाचीला पंधरावं लागलं, आमच्यात त्याचा मोठा सोहळा असतो, त्याला फ्रेस्नोला गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लागोपाठ दोन दिवस. आता मलाच वाटायला लागलंय की माझ्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल.”

बाईंना राग आला तो याचाच. नोकरी घेता, घ्या. पण एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घ्यायचा, ही कुठली रीत? त्यांनी वहीचं शुक्रवारचं पान उघडलं. हिरवे गोळे, डोक्यावर चाकं फिरवणारे रोटिफर नावाचे जीव, आणि देठांवर डोलणाऱ्या इवल्या घंटांचे झुपकेच्या झुपके. या घंटा म्हणजे जीवच असतात. पाण्यात हवा भरपूर असेल तरच त्या अशा दाटीने वाढतात. पाणपिसू पानभर शोधूनही एकसुद्धा सापडली नाही.

म्हणजे एक तर ही वही खोटी होती, नाही तर ते पत्र. बाईंनी पत्राच्या तळाची सही वाचली आणि त्यांचा हात थांबला. ग्लेन हॅफर्टी. केंद्राचा प्रमुख. त्याला सूक्ष्मदर्शकात एक डोळा मिटून बघायला कुणी शिकवलं होतं, तर बाईंनी.

२

बुधवारी सकाळी त्या केंद्रावर पोचल्या. ग्लेनने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, डोनटचा गुलाबी खोका पुढे सरकवला. पंचावन्न वर्षांचा गडी, इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर.

“बाई, तुम्ही या वयात कशाला धावपळ करता? मलाही वाईट वाटतंच. पोरगी कामाला चांगली आहे, पण अलीकडे तिचं लक्ष नव्हतं.”

“पोरगी सत्तेचाळीसची आहे,” बाई म्हणाल्या. “तळं दाखव.”

तळं दाखवण्यासारखं उरलंच नव्हतं. ग्लेनने सोमवारी दुपारीच ते उपसायला लावलं होतं आणि वर पाइप मारून धुऊन काढलं होतं. गावाचं पाणी सध्या शेजारच्या राखीव तळ्यात सोडलं होतं. एवढी घाई कशाला, असं बाईंनी विचारलं, तर म्हणे वास, म्हणे लोकांच्या तक्रारी. तळ्याच्या काठावर नोंदी घेणारं यंत्र असतं, हवा किती, खार किती ते सतत टिपणारं. त्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. यंत्र चुकीचे आकडे दाखवत होतं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी दुरुस्तीला पाठवलं, असं ग्लेनने सांगितलं. काढलं कोणी? मेकॅनिकने, पाओ वांगने.

तळं धुतलेलं, यंत्र गायब. बाईंनी दात आवळले.

“पुरावा हवाय ना? आहे की,” ग्लेन म्हणाला आणि त्याने काचेचं कपाट उघडलं.

आत एक बाटली होती. झाकणावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर आडवी सही. हाही या धंद्यातला नियम. ज्याने पाणी भरलं त्यानेच बाटली बंद करायची आणि पट्टीवर सही करायची, म्हणजे मधे कुणी उघडली तर सही फाटते. सही अखंड होती. ‘हिरवं तळं, सोमवार, सकाळी ६. ग्लेन हॅफर्टी.’

“बघा, पण उघडू नका. सुनावणीत उघडायची आहे.”

बाईंनी बाटली चांगली हलवून खिडकीकडे धरली. आत शेकडो पाणपिसवा उड्या मारत होत्या. साध्या डोळ्यांनी दिसत होत्या, शंका घ्यायला जागाच नव्हती. काचेला आतून एक पांढरट धागा चिकटला होता, बाकी पाणी स्वच्छ.

  बाईंनी बाटली परत ठेवली. ओफेलियाने खरंच डोळे मिटून चित्रं काढली असतील का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचाच संताप आला.

३

पाओ वांग कार्यशाळेत चाकाच्या कण्याला ग्रीस लावत बसला होता. पन्नाशीचा, मितभाषी. त्याच्या घरची मुळ्याची आणि कोबीची शेती अर्धं गाव खातं. एरवी बाईंना तो हटकून जुडीभर भाजी द्यायचा. आज मान वर केली नाही.

यंत्र का काढलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, काढायला सांगितलं. कोणी सांगितलं, तर तो कण्याला आणखी ग्रीस फासू लागला. बाईंनी मागच्या फाटकाबद्दल विचारलं, जिथून टँकर आत येऊन पाणी ओततात त्या. त्याची किल्ली कुणाकडे असते? या प्रश्नावर पाओच्या हातातलं फडकं थांबलं.

“एकच आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडे असते.”

“शनिवारी-रविवारी कुठे होतास?”

“घरी. बाई, मला दोन वर्षांत पेन्शन लागते. मला काही विचारू नका.”

हा माणूस काहीतरी लपवतोय, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाई तिथून उठल्या त्या धुतलेल्या तळ्याकडे गेल्या. रागाने माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. बाईंचं रागानेच चालायचं. धुणाऱ्याने तळ धुतला असेल, भिंती धुतल्या असतील. पण या खोऱ्यात वारा नेहमी वायव्येकडून येतो आणि पाण्यावर तरंगणारं सगळं आग्नेय कोपऱ्यात ढकलतो. ओफेलिया थेंब त्याच कोपऱ्यातून घ्यायची. तिथे काठाच्या ओठाखाली, पाइपच्या पाण्याला न सापडलेली, वीतभर तपकिरी रेघ वाळून बसली होती.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई सिमेंटवर आडवी झाली आणि तिने ती रेघ चाकूने खरवडून डबीत घेतली. कार्यशाळेच्या दारातून पाओ बघत होता. तो धावत आला, बाईंना वाटलं आता हा डबी हिसकावणार. पण त्याने त्यांना काखेत धरून उभं केलं, गुडघ्यावरची धूळ झटकली आणि परत गेला.

४

घरी जेवणाच्या टेबलावर बाईंचा जुना सूक्ष्मदर्शक होता. ओफेलियाला त्यांनी शेजारी बसवलं, पण आधी काही सांगितलं नाही.

पहिल्याच थेंबात देठ दिसले. एकेका कणावर वीस-वीस, तीस-तीस. पण देठांवरच्या घंटा गळून पडल्या होत्या. बाईंनी ओफेलियाला बघायला लावलं.

“एवढे देठ म्हणजे घंटा होत्याच,” ओफेलिया सावकाश म्हणाली. “शुक्रवारी मी काढल्या तेवढ्या होत्या.”

“होत्या. आणि हवा भरपूर असल्याशिवाय त्या एवढ्या नसतात. दोन आठवडे तळं सडत असतं तर त्या केव्हाच विरळ झाल्या असत्या. या सगळ्यांची डोकी एका दमात गळलीत. त्यांच्यावर काहीतरी ओतलंय कुणीतरी. तुझी चित्रं खरी आहेत, बये. आता परत मला विचारू नकोस.”

ओफेलियाने डोळ्यांना बाही लावली आणि पुन्हा डोळा भिंगाला भिडवला. ती म्हणाली, बाई, हे काय आहे? तपकिरी, गोल, एका बाजूने चेपलेलं, हवा गेलेल्या चेंडूसारखं. एक नव्हे, डझनावारी.

बाईंनी पाहिलं आणि त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. एकोणीस वर्षं रोज गावाचं पाणी बघणाऱ्या ओफेलियाने हे कधी पाहिलं नव्हतं, कारण ते गावाच्या पाण्यात असतच नाही. बाईंनी मात्र पाहिलं होतं. दर हिवाळ्यात त्या पक्षी मोजायला हॅलस्ट्रम ऑलिव्ह कारखान्याच्या मागे जात. ऑलिव्ह मुरवून उरलेलं खारं पाणी तिथे उघड्या तळ्यांत वाळत घालतात. त्या खाऱ्या पाण्यात नखाएवढी कोळंबी होते आणि ती खायला लांब पायांचे पक्षी येतात. ही त्या खारकोळंबीची अंडी होती. टणक कवच, वर्षानुवर्षं कोरडी पडली तरी मरत नाहीत.

समुद्र तिथून शंभर मैल. मग ही अंडी संडासाच्या पाण्यात आली कुठून?

नुसतं अंडं दाखवून भागणार नव्हतं. ग्लेनने धूळ म्हटलं असतं, फुलांचे परागकण म्हटलं असतं. रेघेवर पांढरा क्षारही होता, पण या खोऱ्यात कुठलंही पाणी वाळलं की पांढरं उरतंच. बाईंनी दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ घातलेलं. दोन्हींत तो तपकिरी भुगा टाकला आणि वर टेबलावरचा दिवा ओढून ऊब दिली. खारकोळंबी असेल तर दीड दिवसात मिठाच्या बरणीत पिल्लं फुटायला हवीत. सुनावणीला दीड दिवसच उरला होता.

५

गुरुवारी सकाळी बाई ऑलिव्ह कारखान्यावर गेल्या. तिथला ब्रेंट कोल्टर पाण्याचा आणि परवानग्यांचा कारभार बघायचा. तो हसतमुखाने बोलला; हसतमुख माणसांची बाईंना त्या आठवड्यात शिसारी आली होती. फेब्रुवारीत पक्षी मोजताना खारी तळी काठोकाठ होती, बांध फुटतो की काय असं वाटत होतं. आज बांधावर हातभर ओली माती उघडी पडली होती. पाणी कुठे गेलं? उन्हाने वाळलं, म्हणाला. मार्चमधल्या पावसात आणि धुक्यात, हातभर पाणी, उन्हाने. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

काय ओतलं ते कळलं, कुठून आलं तेही कळलं. आत कोणी घेतलं, हे राहिलं होतं. आणि फाटकाची किल्ली एकाच माणसाकडे होती.

पाओ या वेळी भाजीच्या शेतात सापडला. बाई बांधावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकच सांगितलं, की उद्या दहा वाजता ओफेलियाचा परवाना जाईल आणि अकरा वाजता मी तुझ्या किल्लीचं नाव घेईन. पाओने हातातल्या मुळ्याची पानं खुडली.

“किल्ली शुक्रवारी ग्लेनने मागून घेतली,” तो शेवटी म्हणाला. “यंत्र पण त्यानेच काढायला लावलं. चांगलं चालत होतं. सोमवारी किल्ली माझ्या खणात परत आली आणि तो म्हणाला, पाओ, किल्ली तर तुझ्याकडेच असते, नाही का? मग मी काय बोलणार?”

“बोलायचं होतंस. ओफेलियाने तुझ्या पोरीला गणित शिकवलंय.”

“माहीत आहे,” पाओ म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. “म्हणून तर झोप नाही.”

बाईंना त्याचाही राग आला आणि कीवही आली. पण त्याचा शब्द एकट्याचा होता. ग्लेन म्हणणार, किल्लीवाला स्वतःचं पाप माझ्या डोक्यावर टाकतोय. आणि ती बाटली? बंद, सही केलेली, जिवंत पिसवांनी भरलेली बाटली? खाऱ्या पाण्याने तळं मेलं तर गोड्या पाण्यातल्या पिसवा सर्वांत आधी मरायला हव्यात. त्या बाटलीत नाचत होत्या. ती बाटली खरी असेल तर बाईंचं सगळं म्हणणं खोटं होतं.

गाडी चालवताना त्या बाटली पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणत होत्या. पिसवा. स्वच्छ पाणी. काचेला चिकटलेला धागा.

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बुधवारी त्यांनी बाटली हातात धरून चांगली हलवली होती. पिसवा उधळल्या होत्या, पाणी घुसळलं होतं. धागा जागचा हलला नव्हता. धागा असा काचेला धरून बसत नाही.

“म्हातारे,” त्या स्वतःलाच म्हणाल्या, “तूही बघितलं नाहीस.”

केंद्रावर ग्लेन नव्हता. कारकुनाने काचेचं कपाट उघडलं आणि समोर उभा राहिला. बाईंनी पट्टीला हात न लावता भिंग बाटलीच्या काचेवर ठेवलं. धाग्याला सहा हात होते आणि त्यातल्या दोन हातांनी एक पाणपिसू धरली होती.

६

शुक्रवारी दहा वाजता नगरसभेची खोली भरली होती. ओढ्याकाठचे शेतकरी, कारखान्यातली माणसं, ओफेलियाकडे न बघता बसलेले शेजारी. राज्याकडून सुनावणी घ्यायला आलेली रेनी ताकाहाशी मधल्या खुर्चीत होती; कमी बोलणारी, सगळं लिहून घेणारी. ब्रेंट मागच्या रांगेत. ग्लेनने शांत आवाजात अहवाल वाचला आणि बाटली टेबलावर ठेवली.

बाईंनी आधी एकच गोष्ट लिहून घ्यायला लावली. ही बाटली कोणी भरली, कुठून, किती वाजता?

“मी स्वतः,” ग्लेन म्हणाला. “हिरव्या तळ्यातून. सकाळी सहाला.”

“मधे कुणी उघडली?”

“सही अखंड आहे, बाई. तुम्हीच शिकवलंय.”

मग बाईंनी सांगायला सुरुवात केली. देठ आणि गळलेल्या घंटा सांगितल्या. तपकिरी अंडी सांगितली. पिशवीतून त्या दोन बरण्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि ताकाहाशीला खिडकीच्या उजेडात धरायला सांगितल्या. साध्या पाण्याच्या बरणीत भुगा तळाला बसला होता. मिठाच्या बरणीत केशरी ठिपके पोहत होते, शेकडो, सगळे उजेडाच्या बाजूला गोळा झालेले.

“खारकोळंबीची पिल्लं. आज पहाटे फुटली. ही अंडी गावाच्या तळ्याच्या काठावरून खरवडलीत आणि इथून शंभर मैलांत अशी कोळंबी एकाच ठिकाणी होते, ऑलिव्हच्या खाऱ्या तळ्यात. शनिवार-रविवारी ते खारं पाणी टँकरने आणून गावाच्या तळ्यात ओतलं. त्याने तळं मेलं.”

खोलीत कुजबुज झाली. मागच्या रांगेत ब्रेंट उठून उभा राहिला आणि दाराशी कुणी वाट देईना म्हणून पुन्हा बसला. ग्लेनचा आवाज अजून ताब्यात होता. भयंकर आहे हे, तो म्हणाला, मला कल्पनाच नव्हती. फाटकाची किल्ली मेकॅनिककडे असते, त्यालाच विचारा. पाओने मान वर करून ग्लेनकडे पाहिलं आणि किल्ली कोणी कधी मागून घेतली ते सगळ्यांसमोर सांगितलं. ग्लेनने खांदे उडवले. त्याचा शब्द आणि माझा शब्द, म्हणाला.

“म्हणून मी शब्दावर येतच नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग ताकाहाशीच्या हातात दिलं. “काचेला चिकटलेलं ते बघा. हात मोजा.”

ताकाहाशीने वाकून पाहिलं. सहा, ती म्हणाली. हायड्रा आहे.

“हायड्रा. शाळेतलं पोरही ओळखेल. पण तो राहतो कुठे, ते पाणीवाल्याला माहीत असतं. हा प्राणी घाणीत जगत नाही. संडासाच्या कच्च्या पाण्यात टाका, दिवस मावळायच्या आत विरघळतो. हिरव्या तळ्यात अख्ख्या गावाची घाण येते, तिथे तो तळ्याच्या जन्मापासून कधी नव्हता; वह्यांचं कपाट उघडून बघा. तो असतो सगळी सफाई झाल्यावर पाणी निवांत पडतं त्या शेवटच्या तळ्यात. पाणपिसवाही तिथेच असतात, त्यांना खाऊनच तो जगतो. ही बाटली हिरव्या तळ्यातली नाहीच. सोमवारी सकाळी सहाला, तळं कशाने मेलं असं कुणीही विचारायच्या आधी, या माणसाने शेवटच्या तळ्यावर जाऊन खोटं कारण बाटलीत भरून आणलं. ज्याला खरं कारण माहीत नाही, तो खोटं कशाला भरेल?”

 ग्लेन बाटलीकडे बघत होता. मग तो खाली बसला आणि त्याच्या आवाजातली साखर संपली.

“बांध फुटणार होता,” तो म्हणाला. “फुटला असता तर राज्याने कारखाना बंद केला असता. अर्धं गाव तिथे कामाला आहे. मला वाटलं, एवढं मोठं तळं, थोडं खारं पाणी पचवेल. मी गाव वाचवत होतो, बाई.”

“गाव वाचवत होतास तर सोमवारी उभा राहून सांगायचंस, की मी केलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “खापर फोडायला तुला हिचंच डोकं सापडलं? दोन दिवस भाचीच्या सोहळ्याला गेली, तेवढी संधी साधलीस. तुझ्या पत्राने ही बाई स्वतःच्या डोळ्यांना खोटं म्हणायला लागली. आणि ग्लेन, मी तुला शिकवलेलंही विसरलास. बाटली भरलीस, झाकण लावलंस, सही केलीस. आत काय आहे ते एकदा वाकून बघितलं नाहीस. तिने बघितलं असतं.”

ताकाहाशीने आपले कागद एकत्र केले. परवान्याबद्दलचा आरोप तिथल्या तिथे रद्द झाला आणि ग्लेनला व ब्रेंटला बाजूच्या खोलीत बसायला सांगण्यात आलं. शेजारीपाजारी आता ओफेलियाकडे वळले, कुणी हात पुढे केला, कुणी म्हणालं की आम्हाला वाटतच होतं. ओफेलियाने कुणाचा हात धरला नाही. ती ताकाहाशीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने पुराव्यात जमा केलेली आपली वही मागितली.

“देते,” ताकाहाशी म्हणाली. “इथे सही करा.”

“आधी एक पान राहिलंय. सोमवारचं.”

बाटलीची पट्टी ताकाहाशीने स्वतः कापली. ओफेलियाने बाईंनी बरोबर आणलेला सूक्ष्मदर्शक पुढे ओढला, थेंब ठेवला, एक डोळा मिटला आणि भरल्या खोलीत, सगळे तोंडं मिटून बघत असताना, रोजच्यासारखं चित्र काढायला लागली. तिला घाई नव्हती. सहा हात, हातात पिसू, पिसूच्या पोटातली अंडीसुद्धा. मग पेन घेऊन तिने खालच्या दोन ओळी भरल्या.

नमुना कोणी घेतला: ग्लेन हॅफर्टी.

कुठून घेतला: शेवटचं तळं.

तिने वही मिटली, पिशवीत गुंडाळली आणि पाओला विचारलं, चाकाला ग्रीस लावून झालं का, कारण तळं आजच भरायला घ्यायचं होतं.